कुरसुरा: वाळूवर ओढून आणलेल्या पाणबुडीचं प्रकरण

२७ फेब्रुवारी २००१ रोजी भारतीय नौदलाने 'आयएनएस कुरसुरा' ही पाणबुडी सेवेतून निवृत्त केली. एकतीस वर्षांची नोकरी आणि ७३,५०० सागरी मैलांचा प्रवास तिच्या नावावर जमा होता. निवृत्त पाणबुडीचं पुढे काय होतं, याची उत्तरं ठरलेली आहेत. ती भंगारात जाते, नाहीतर सरावाच्या गोळीबारात लक्ष्य म्हणून बुडवली जाते. कुरसुराच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. पूर्व नौदल कमांडचे त्या वेळचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल विनोद पसरिचा यांनी तिचं संग्रहालय करायची कल्पना मांडली आणि आंध्र सरकारने ती उचलून धरली. ९ ऑगस्ट २००२ रोजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेपासून लोक आत जाऊ लागले. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर ती आजही उभी आहे.

विशाखापट्टणम आणि अराकूच्या सहलीला आपल्याकडून हजारो माणसं जातात. बोर्रा गुहा आणि कैलासगिरीच्या मध्ये कुठेतरी 'सबमरीन म्युझियम'साठी तासभर राखून ठेवलेला असतो. तेवढ्या वेळात माणूस आत शिरतो, फोटो काढतो आणि बाहेर पडतो. ही वस्तू अजून शाबूत कशी, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. मला मात्र या पाणबुडीच्या युद्धकथांपेक्षा तिच्या टिकून राहण्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. खाऱ्या पाण्यात घालवायच्या आयुष्यासाठी बांधलेली पोलादी बोट माणसांची ये-जा सुरू ठेवून वीस-पंचवीस वर्षं टिकवणं हे फार अवघड काम आहे. जगभरात अनेकांचं ते फसलं आहे आणि आपल्या मुंबईतही फसलं आहे.

आधी बोटीची थोडी ओळख. कुरसुराची बांधणी लेनिनग्राडची. १८ डिसेंबर १९६९ रोजी रिगा बंदरात ती आपल्या नौदलात दाखल झाली. कलवरी, खांदेरी, करंज आणि कुरसुरा या आपल्या पहिल्या चार पाणबुड्या. रशियाच्या ज्या जातीला पाश्चात्त्य नौदलं 'फॉक्सट्रॉट' म्हणत, त्याच जातीची ही आपल्यासाठी थोडी बदललेली आवृत्ती होती. (यातल्या खांदेरीचं नाव अलिबागसमोरच्या आपल्या जलदुर्गाचं आहे.) १९७० साली कुरसुरा घरी आली ती आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून, कारण १९६७च्या युद्धापासून सुएझ कालवा बंद होता. वाटेत स्वीडन, स्पेन, घाना आणि मॉरिशसच्या बंदरांना ती लागली. १९७१चं युद्ध सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत ती अरबी समुद्रात गस्तीवर होती.

लांबी ९१ मीटर, रुंदी साडेसात मीटर, पृष्ठभागावर असताना वजन साधारण १,९५० टन. आत सात कप्पे, तीन डिझेल इंजिनं, तीन विद्युत मोटारी, पुढे सहा आणि मागे चार अशा दहा टॉर्पेडो नळ्या. माणसं पंचाहत्तर. या सगळ्या आकड्यांत संग्रहालयाच्या दृष्टीने कळीचा आकडा वेगळाच आहे. बोट पाण्यात सुमारे सहा मीटर खोल बसते. रामकृष्ण बीचची वाळू पाण्याखाली हळूहळू उतरत जाते आणि विशाखापट्टणमची मोठी भरतीसुद्धा जेमतेम दीड-पावणेदोन मीटरची. म्हणजे भरतीच्या पाण्यावर तरंगवत बोट किनाऱ्याला लावायची म्हटली, तर पाण्याच्या रेषेपासून बरीच अलीकडे तिचा तळ वाळूत रुतणार. त्यात पुढून-मागून लाटा. तळ टेकलेल्या लांबलचक बोटीवर बाजूने लाट आदळत राहिली तर ती आडवी फिरते, आणि एकदा आडवी झाली की तिला पुन्हा सरळ करणं महाकठीण.

शेवटचे सहाशे मीटर या कामाची खरी परीक्षा ठरले. ओढून आणण्यापासून जागेवर पक्की बसवण्यापर्यंतच्या कामाला दीड वर्ष लागलं आणि साडेपाच कोटी रुपये खर्च आला. त्या काळी या खर्चावर नाकं मुरडणारेही असणार. बंदरात धक्क्याला बांधून ठेवली असती तर यातला बराच पैसा वाचला असता. तिथेच लोकांना आत सोडता आलं असतं आणि बोट पाण्यात तरंगताना दिसली असती, ती शोभाही वेगळी. तरीही तो पैसा वाळूवर खर्च केला, म्हणूनच ही बोट आज आहे असं माझं ठाम मत आहे.

ते कसं, हे कळायला याच जातीच्या दुसऱ्या बोटींकडे बघावं लागतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर फॉक्सट्रॉट पाणबुड्या स्वस्तात मिळू लागल्या आणि परदेशातल्या बंदरांनी त्या पर्यटकांसाठी नेल्या. 'स्कॉर्पियन' नावाने ओळखली जाणारी एक कॅलिफोर्नियात लाँग बीचला, प्रसिद्ध 'क्वीन मेरी' जहाजाच्या शेजारी १९९८पासून उभी होती. बी-३९ ही तिची बहीण सॅन डिएगोच्या सागरी संग्रहालयात २००५ साली आली. दोन्ही तरंगत्या. स्कॉर्पियनच्या बाहेरच्या कवचात पाणी शिरू लागलं आणि २०१५मध्ये ती लोकांसाठी बंद करावी लागली. बी-३९चं बाहेरचं कवच जागोजागी गंजून चाळण झालं होतं. २०२२ साली तिला ओढत मेक्सिकोतल्या भंगार-गोदीत नेलं गेलं. सॅन डिएगोचं ते संग्रहालय अनुभवी आहे, जुनी शिडाची जहाजं त्यांनी उत्तम राखली आहेत. फॉक्सट्रॉटपुढे मात्र त्यांचंही काही चाललं नाही.

याचं कारण बोटीच्या रचनेतच आहे. या पाणबुडीला दोन कवचं असतात. आतलं जाड, पाण्याचा दाब सोसणारं. त्याच्याभोवती पातळ पत्र्याचं बाहेरचं कवच. दोन्हींच्या मधल्या जागेत बॅलास्टच्या टाक्या (बुडण्यासाठी पाणी भरायच्या आणि वर येण्यासाठी रिकाम्या करायच्या), नळ आणि झडपा. नौदलात असताना बोट ठरावीक काळाने सुक्या गोदीत चढते, तळ खरवडला जातो, पत्रे बदलले जातात, जस्ताचे ठोकळे नवे बसतात. जस्त आधी झिजावं आणि पोलाद वाचावं यासाठी ते ठोकळे असतात. संग्रहालय झाल्यावर हे चक्र थांबतं, कारण गोदीची एक फेरी म्हणजे वर्षानुवर्षांच्या तिकिटांची कमाई. ती फेरी पुढे ढकलली जाते, मग आणखी पुढे. दोन कवचांच्या मधल्या सांदीत माणूस शिरू शकत नाही, तिथे रंगाचा ब्रश पोहोचत नाही. पितळी झडप आणि पोलादी पत्रा खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागून असले की पोलाद भराभर झिजतं. आणि बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, त्याला फक्त वरचा काळा रंग दिसतो. पत्र्याला भोक पडल्याचं कळतं तेव्हा गोदीपर्यंत ओढत नेण्याइतकीही ताकद बोटीत उरलेली नसते.

वाळूवर आणलेल्या बोटीचा तळ माणसाला दिसतो. पत्र्यावर हातोडी ठोकून आवाज ऐकता येतो, शिडी लावून वेल्डर चढू शकतो. हा एकच फायदा सगळ्या खर्चाहून मोठा आहे.

विक्रांतची आठवण इथे येतेच. ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त झालेलं आपलं विमानवाहू जहाज विक्रांत २००१पासून काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय होती. लोक रांगा लावून जायचे. पण तिची कायमची जागा कुठे, पैसा कोण देणार आणि बोट नौदलाची, राज्याची की आणखी कुणाची, हे कधी नक्की झालंच नाही. २०१२मध्ये सुरक्षिततेचं कारण देऊन संग्रहालय बंद झालं, २०१४मध्ये लिलावात ती सुमारे साठ कोटींना गेली आणि त्याच वर्षी मुंबईतल्याच दारूखाना भागात तिची तोडणी सुरू झाली. पुढे विराट या दुसऱ्या विमानवाहू जहाजासाठी आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने २०१८मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. तो कागदावर राहिला आणि २०२०मध्ये विराट गुजरातेत अलंगला भंगारात गेली. विमानवाहू जहाज पाणबुडीच्या कितीतरी पट मोठं, हे मान्य. तुलना आकाराची नाहीच. विशाखापट्टणममध्ये बोट निवृत्त व्हायच्या सुमारासच जागा, पैसा आणि मालक या तिन्ही गोष्टी ठरल्या. मुंबईत तिन्हींवर चर्चा चालू राहिली आणि तेवढ्यात पोलाद झिजत गेलं.

कुरसुराचा मालक म्हणजे तिथलं नगरविकास प्राधिकरण. आधी त्याचं नाव वुडा होतं, आता व्हीएमआरडीए. पाठीशी नौदल. रंग उडाला तर फोन कुणाला करायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. तिकिटाचे पैसे त्याच संस्थेकडे जमा होतात आणि देखभालीच्या निविदाही तीच काढते. वाचायला ही व्यवस्था रुक्ष वाटेल, पण जहाजांची संग्रहालयं बुडतात ती बहुतेकदा इथेच.

म्हणून वाळूवर आली आणि सुटली, असंही नाही. बंगालच्या उपसागराचं खारं वारं बारा महिने चोवीस तास तिच्या अंगावर आहे. विशाखापट्टणमच्या हवेत बाष्प कायम भरपूर. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, तेच इथे वर्षातला बहुतेक काळ चालू असतं. पत्र्यावर बसलेला खारा थर कोरडा होतच नाही. रंगाला केसाएवढी चीर पडली तरी ते पाणी आत शिरतं, रंगाखाली गंज फुगतो आणि पापुद्रा उचलला जातो.

म्हणून इथे देखभाल म्हणजे फक्त रंगरंगोटी नव्हे. नवा रंग मारण्याआधी जुना खरवडून काढायचा, पत्रा गोड्या पाण्याने धुवून मीठ घालवायचं, पूर्ण वाळल्यावर प्राइमर द्यायचा आणि मगच रंग. यातली धुण्याची पायरी गाळली की वर चकाचक दिसणाऱ्या रंगाखाली मीठ बंद होऊन राहतं आणि एक पावसाळा उलटायच्या आत फोड येतात. बोटीच्या कुशीला ओळीने भोकं आहेत, पाणबुडी बुडताना बाहेरच्या कवचात पाणी भरावं म्हणून ठेवलेली. जमिनीवर त्याच वाटांनी पावसाचं पाणी आत येतं. ते खालून निघून जायची वाट मोकळी ठेवणं, पानं-वाळू-कबुतरांची घाण काढत राहणं, हे बोटीच्या आयुष्याचं सगळ्यात स्वस्त औषध. निविदेत अशा कामाला ओळ नसते, त्यामुळे ते करायला मायेचं माणूस लागतं.

आत गेल्यावर वेगळा प्रश्न उभा राहतो. लढाऊ पाणबुडीत माणूस वरच्या झडपेतून शिडीने खाली उतरतो. लहान मुलं, आजी-आजोबा, साडीतल्या बायका यांना तो रस्ता शक्य नाही. त्यामुळे संग्रहालय करताना कवच कापून बाजूने दार करावं लागतं, जिने जोडावे लागतात. लोक एका टोकाने आत येतात, कप्प्यामागून कप्पा पार करत दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. दाब सोसणारं कवच कापणं म्हणजे ती बोट पुन्हा कधीच बुडी मारणार नाही, यावर शिक्कामोर्तब. काही जाणकारांना हे रुचत नाही. मला ते योग्य वाटतं. आत जाता आलं नाही तर पाणबुडी म्हणजे किनाऱ्यावर ठेवलेली एक काळी नळी.

खरी पाणबुडी कळते ती आतच. दोन कप्प्यांमधल्या गोल दारातून जाताना आधी एक पाय, मग वाकवलेलं डोकं, मग उरलेलं अंग असं जावं लागतं. डोक्यावर नळ, दोन्ही खांद्यांशी झडपांची चक्रं, प्रत्येक चक्राला आपला रंग आणि आपला क्रमांक. झोपायच्या फळ्या इतक्या अरुंद की कूस बदलायची तर विचार करून. एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच जागी आडवं व्हायचं. मी गेले तेव्हा आमच्या पुढे एक निवृत्त नौसैनिक होते. वय झालेलं, आवाज मात्र खणखणीत. हिंदीत बोलता बोलता त्यांनी एका चक्रावर सहज तळवा ठेवला आणि न बघता सांगितलं, हे उजवीकडे फिरवलं की काय बंद होतं ते. वरची पाटी त्यांनी वाचलीच नव्हती. आमच्या घोळक्यातल्या एका मुलाने विचारलं, "काका, अंधारात कळायचं कसं?" ते म्हणाले, "अंधारातच शिकवतात, बेटा." संग्रहालयात खलाशांचे पुतळे ठेवले आहेत, दिवे आहेत, फलक आहेत. या एका उत्तराची जागा त्यातलं काहीही घेऊ शकत नाही.

वाटाडे म्हणून निवृत्त नौसैनिकच नेमायचे, हा इथला दुसरा चांगला निर्णय. माहिती मिळते हा त्याचा उघड फायदा. दुसरा फायदा देखभालीचा आहे. रोज आत वावरणारा माणूस बोटीवर राहिलेला असेल तर कुठला सांधा ओला आहे, कुठे नवा डाग आला आहे, कुठे वास बदलला आहे, हे त्याला पाहणी न करता कळतं. आणि शेकडो माणसं दिवसभर आत श्वास घेतात, घाम गाळतात, हात लावतात. त्यांच्या अंगच्या बाष्पाने पोलादी भिंतींना पाणी सुटतं. हवा खेळती ठेवणं आणि घोळके आवरणं हेसुद्धा जतनाचंच काम, आणि ते दारावरच्या माणसाच्या हातात असतं. खास दिवशी या बोटीला ध्वजांची तोरणं चढवण्याचा मान आहे. एरवी तो सेवेतल्या जहाजांनाच मिळतो, निवृत्त बोटीला फार क्वचित.

धोका समुद्राकडूनही आहे. या किनाऱ्यावर वाळू साधारण दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. बंदराचे बांध आणि बंदराजवळच्या डॉल्फिन्स नोज टेकडीच्या परिसरातली बांधकामं तिची वाट अडवतात, आणि मग बंदराच्या उत्तरेला असलेल्या रामकृष्ण बीचला वाळूचा तुटवडा पडतो. बंदरातून उपसलेली वाळू म्हणूनच या किनाऱ्यावर आणून टाकावी लागते. १२ ऑक्टोबर २०१४ला हुदहुद चक्रीवादळ थेट याच शहरावर आदळलं. किनाऱ्यालगतचा रस्ता आणि पुळण यांची दैना झाली. कुरसुरा जागेवर राहिली. पण ज्या वाळूने तिला पाण्यापासून वाचवलं तीच वाळू हळूहळू कमी होत असेल, तर उद्या ओढून आणण्याचा खर्च पुन्हा करावा लागू शकतो, या वेळी रस्त्यापलीकडे. रस्त्यापलीकडेच २०१७पासून नौदलाचं टीयू-१४२ हे टेहळणी विमानही संग्रहालय म्हणून उभं आहे. किनारा राखण्याचं काम दोघांसाठी एकत्र विचारात घ्यायला हवं.

इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टला 'अलायन्स' ही पाणबुडी १९८१पासून पाहायला मिळते. तीही वर उचललेलीच, पण खाली समुद्राचं पाणी होतं आणि नाक व शेपटीचे भाग त्यावर लोंबत होते. खारी हवा खालून लागत राहिली, कबुतरांनी घरं केली, पत्रे सडले. शेवटी सुमारे सत्तर लाख पौंड खर्चून मोठी दुरुस्ती झाली, खालच्या पाण्यात भर घालून जमीन केली गेली आणि २०१४मध्ये ती नव्याने खुली झाली. शिकागोतली जर्मन यू-५०५ तर पन्नास वर्षं उघड्यावर होती. २००४मध्ये ती खास बांधलेल्या भूमिगत दालनात हलवली, तेव्हा कुठे तिची झीज आटोक्यात आली. या दोन्हींवरून मला वाटतं, कुरसुराचा पुढचा मोठा खर्च छपराचा असायला हवा. ऊन-पाऊस थेट अंगावर न येणं आणि खाऱ्या वाऱ्याला एका बाजूने आडोसा मिळणं, एवढ्यानेही रंगाचं आयुष्य बरंच वाढेल. समुद्राच्या पार्श्वभूमीवरचा तिचा फोटो मग तितका सुरेख येणार नाही, ते सोसायला हरकत नाही.

आणखी एक काम छपरापेक्षाही तातडीचं आहे. १९७०मध्ये आफ्रिकेला वळसा घालून ही बोट आणणारे खलाशी आज पंच्याहत्तरी ओलांडून गेले आहेत. कुठली झडप कधी दगा द्यायची, डिझेलचा धूर आत कोंडला तर काय करायचे, स्वयंपाकी वादळात भात कसा शिजवायचा, हे रेखांकनांत सापडत नाही. त्यांना कप्प्याकप्प्यांतून चालवत, बोलतं करत, सगळं ध्वनिमुद्रित करायला फार पैसा लागत नाही.

आता सिंधुघोष वर्गातल्या, म्हणजे कुरसुरानंतरच्या पिढीतल्या रशियन बनावटीच्या पाणबुड्या एकेक करून निवृत्त होत आहेत. सिंधुध्वज २०२२मध्येच गेली. त्यातली एखादी आपल्याकडेही यावी अशी मागणी कोकणातून होणारच. त्याआधी तमिळनाडूचं उदाहरण बघावं. २०१०मध्ये निवृत्त झालेली वागली, कुरसुरासारखीच फॉक्सट्रॉट, ममल्लपुरमला संग्रहालय म्हणून न्यायची ठरली होती. ते संग्रहालय कधी झालं नाही. सिंधुघोष वर्गातली बोट कुरसुराहून आखूड, सुमारे ७३ मीटरची, पण दहा मीटरच्या आसपास रुंद आणि पाण्यात जास्त खोल बसणारी. त्यावर शत्रूला चाहूल लागू नये म्हणून रबरी फरशा चिकटवलेल्या असतात. त्यांच्यामागे पाणी अडकलं तर पत्रा आतल्या आत सडतो आणि वरून पत्ता लागत नाही. त्या फरशा ठेवायच्या की काढायच्या, बोट किनाऱ्यावर नेमकी कुठे आणि कशी चढवायची, तिथली वाळू वीस वर्षांनी कुठे असेल आणि दर वर्षीच्या रंगाचे पैसे कुठल्या खात्यातून येतील, याची उत्तरं बोट नौदलाच्या धक्क्यावरून सुटण्याआधी कागदावर सहीनिशी असली पाहिजेत.